काडतुसाच्या बुडाकडं कोण बघतो

टू-टूची काडतुसं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पायरीवरूनच दोन प्रश्न विचारायचं. आवाज किती होतो, आणि फॉरेनचं हाय काय. एकवीस वर्षं मी त्या काउंटरमागं बसले. तिसरा प्रश्न विचारणारी माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजली तरी बोटं उरतील.

तिसरा प्रश्न म्हणजे, "माझ्या बंदुकीला काय मानवतं?" चप्पल घेताना माणूस पायात घालून बघतो, चार पावलं चालतो, अंगठा चावतो का म्हणतो. तोच माणूस चांगली रायफल खांद्याला लावून येणार आणि खोक्याचा रंग बघून काडतूस घेणार. माणसाच्या अकलेबद्दल माझं जे मत आहे ते त्या काउंटरवर तयार झालं आणि पुढं बदलायची वेळ काही आली नाही.

बंदुकीच्या दुकानात बाई कशी, हे आधी उरकून टाकते. माझं माहेर गगनबावड्याकडचं, शिक्षण सातवी. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. दुकान ह्यांचं. सासष्ट साली हे छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले. परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून मी कचेरीत गेले, तर तिथला कारकून मला शहाणपण शिकवायला लागला.

"वैनी, बंदुकीचं दुकान कशाला डोक्यावर घेताय? शिवणाची मशीन घ्या की. कर्ज मिळंल."

"मशीनला सुई असती न्हवं?" मी विचारलं.

"असती की."

"बंदुकीला पण असती. सुईवर हात बसल्याला हाय माझा."

आठ महिने हेलपाटे घातले. परवाना मिळाला. त्या कारकुनाच्या मेव्हण्यानं पुढं माझ्याकडूनच बाराबोर घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, आवाज किती होतो.

आता हे टू-टू, म्हणजे पॉइंट टू-टू बोअरचं काडतूस, काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाराबोरच्या काडतुसाला बुडाशी मधोमध एक टोपी असते. घोडा पडला की सुई त्या टोपीवर आपटते आणि दारू पेटते. टू-टूचं काडतूस करंगळीच्या दोन पेरांपेक्षाही बारीक, त्याला टोपी नाही. पेट घेणारा मसाला पितळी पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेला असतो. पातेल्याच्या दुमडलेल्या काठात माती बसते बघा, घासून निघत नाही, तसा आतून गोल. सुई काठावर कुठंही आपटली की पेटतं. पण त्या गोलात एखाद्या जागी मसाला कमी पडला आणि सुई नेमकी तिथंच बसली, तर फुसकं जातं. अशा वेळी नळी निशाणाकडंच धरून सावकाश तीस-चाळीस आकडे म्हणायचे, कारण मसाला कधीकधी उशिरानं पेटतो. मग ते काडतूस काढायचं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. तरी फुटलं का नाही म्हणून नळीत डोकावून बघितलेला एक पाटील मला भेटला. वर हे तो स्वतःच कौतुकानं सांगत होता.

"पाटील," मी म्हटलं, "दोन डोळे हायत म्हणून एक खर्चाला काढलाय काय?"

टू-टूत परत तीन लांब्या. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल. शॉर्ट स्वस्त. लाँग रायफलच्या बंदुकीत शॉर्ट बसतं आणि उडतंही, म्हणून एका इनामदारांनी पाच वर्षं शॉर्टच वापरली. शॉर्टची पुंगळी आखूड, तिच्या तोंडापुढं नळीत काजळीचं कडं धरतं. पुढं पाहुणे आले म्हणून त्यांनी लांब काडतूस घातलं. ते कड्यात अडकून बसलं. बाहेर काढायला रायफल माझ्याकडं आली, आणि मालक सोबत तक्रार घेऊन आले की तुमचा माल फुगलेला आहे.

साखर कारखान्याच्या एका चेअरमनना आपल्या रिव्हॉल्वरचा आवाज पोरांच्या फटाक्याएवढा येतो, याचं दुःख होतं. त्यांना जास्त आवाजाचं, जास्त वेगाचं काडतूस हवं होतं. आता वेगाचं असं आहे की फार जोरात सुटलेली गोळी आधी आवाजाच्या पुढं पळते. मग वाटेत दमते, आवाजाच्या बरोबरीला येते आणि तिथं हेलपाटते. म्हणून नेम धरणारी माणसं उलट मंद, शांत काडतूस मागतात. हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "मला नेम धरायचा न्हाय, मला ऐकू जायला पायजे." मी म्हटलं, मग लवंगी घ्या, परवाना पण लागत नाही. परत आले नाहीत.

एका डॉक्टरांचं टू-टूचं ऑटोमॅटिक पिस्तूल होतं. ऑटोमॅटिक म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या धक्क्यावर पुढचं आपोआप आत येतं. धक्का कमी पडला तर अर्ध्यात अडकतं, जास्त झाला तरी अडकतं. डॉक्टर दर महिन्याला नवं खोकं घेऊन जायचे, वेगळ्या कंपनीचं. मी म्हटलं, पेशंटला औषध बदलताना एकेक बदलता ना? पाच-पाच काडतुसं प्रत्येक जातीची घ्या, झाडून बघा, जे अडकत नाही ते कायमचं धरा. म्हणाले, "माझ्याकडं तेवढा वेळ नाही." चोर आला की तो तेवढा वेळ देईल, असं त्यांचं म्हणणं असावं.

मी हे सगळं कुणाकडं शिकले नाही. ह्यांच्या मागं जुनी माहितीपत्रकं राहिली होती, इंग्रजी. मी अक्षर लावत लावत वाचली. गुजरीतल्या एका सोनाराकडून मोडीत निघालेला काटा आणला आणि त्यावर काडतुसं तोलायला लागले. एकाच खोक्यातली पन्नास काडतुसं, दिसायला जुळी. तोलली की त्यात चार-पाच निराळी निघायची. ती बाजूला. लोक हसायचे. हसेनात का. त्याहून मोठी गोष्ट कळली ती रेंजवर, नेमबाजीच्या मैदानावर. एकाच कारखान्याचा एक लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेला माल, एका रायफलीला चालतो, दुसरा चालत नाही. शेजारच्या रायफलीला बरोबर उलट. का, ते मला अजून माहीत नाही. जो माहीत आहे म्हणतो त्याला मी ओसरीवरूनच वाटेला लावते. पण झाडून बघितलं की दिसतं. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवायची, पाच गोळ्या एका लॉटच्या, पाच दुसऱ्याच्या, आणि कागद सांगेल ते ऐकायचं.

बहात्तरच्या कायद्यानं शिकार बंद पडली आणि सशाच्या मागं पळणारं अर्धं गिऱ्हाईक गेलं. राहिला तो रायफल क्लब. चीनच्या लढाईनंतर गावोगाव क्लब निघाले, त्यातलाच आमचा. शहराबाहेर टेकडीच्या पोटाशी पन्नास मीटरची रेंज. क्लबाला भक्कम खोली नव्हती, म्हणून त्यांची सगळी काडतुसं माझ्या दुकानातल्या लोखंडी तिजोरीत असायची. लागतील तशी न्यायची.

क्लबाचे सेक्रेटरी एका जुन्या जहागिरीचे वारस. जहागीर गेलेली, पण सगळे त्यांना सरकार म्हणत आणि त्यांना ते रास्त वाटे. माणूस दिलदार, यात शंका नाही. चहा पाजायचे, पोरांच्या फिया भरायचे. पण पाठीत गोळी लागली असती तरी आधी ती कुठल्या देशाची म्हणून विचारलं असतं. परदेशी काडतुसं तेव्हा दुकानाला मिळत नव्हती. क्लबाला कोट्यातून वर्षाला थोडी मिळायची. निळं खोकं, त्यावर सोनेरी अक्षरं. सरकार ती खोकी जपून ठेवत आणि फक्त राज्याच्या स्पर्धेला काढत. म्हणजे पोरांनी अकरा महिने देशी काडतुसावर सराव करायचा, त्यावर रायफलीचा नेम जुळवायचा, आणि ज्या दिवशी एकेका गुणाला मोल त्या दिवशी हातात अनोळखी काडतूस घ्यायचं. आमच्या क्लबाची ही रीत. राज्याच्या संघात आमचा कुणी लागत नसे, आणि सरकार म्हणत, पोरांच्यात जिगर नाही.

मी एकदा बोलले. "सरकार, सराव ज्याच्यावर, स्पर्धा त्याच्यावर. नवं काडतूस द्यायचं तर महिनाभर आधी द्या."

"बाई," सरकार म्हणाले, "घरी आपण पिठलं-भाकरी खातो. पाहुण्यांकडं गेलं की पुरणपोळी. तसं आहे हे."

"आणि पाहुण्यांच्या दारात शर्यत पळायची असली, तर पुरणपोळी चारून पळवता व्हय?"

सगळे हसले. सरकारही हसले आणि म्हणाले, "बंदुका विकणं वेगळं आणि चालवणं वेगळं." विषय संपला.

त्या क्लबात शालन म्हणून एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तेवीस-चोवीसची, एका कन्याशाळेत खेळाची बाई. नोकरी तात्पुरती. दर जूनला नवा कागद, दर एप्रिलला धाकधूक. भाऊ तालमीत, फुटबॉलचे वेडे, घर तिच्या पगारावर. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट असेल. शाळेच्या संस्थेनं तिला सांगितलं, या वर्षी राज्याच्या संघात आलीस तर कायम करू. नाहीतर जूनला दुसरी बाई घेणार, तिचं नावही ठरलेलं होतं. शालन हे मला शाळेच्या साडीतच येऊन सांगून गेली. रडली नाही. हात तिचा असा स्थिर की काट्यावर काडतूस ठेवलं तरी पारडं हलू नये.

"काकी," ती म्हणाली, "मला जमतंय ते मला म्हाईत हाय. पर पुण्याला स्पर्धेला गेलं की गोळ्या येगळीकडंच जात्यात. माझंच काय तर चुकतंय."

मी म्हटलं, रविवारी रेंजवर भेट, कोण चुकतंय ते बघू.

क्लबाची एक जुनी रायफल तिच्याकडं असायची. पोत्यावर टेकवली. माझ्याकडं देशीचे तीन लॉट होते, आणि सरकारांच्या मागल्या वर्षीच्या निळ्या खोक्यातली सहा-सात शिल्लक. देशीचा एक लॉट असा बसला की पाची भोकं चार आण्याच्या नाण्याखाली झाकली. निळ्या खोक्यातल्या पाचांवर आमटीची वाटी पालथी घालावी लागली असती, आणि ती वाटीही मधल्या काळ्यापासून वर, डावीकडं सरकलेली. माल वाईट नव्हता. चांगलाच होता. त्या रायफलीला मानवत नव्हता, आणि नेम त्याच्यावर जुळवलेला नव्हता. शालन कागदाकडं बराच वेळ बघत बसली.

"म्हणजे तीन वर्सं माझं काय चुकत नव्हतं?"

"न्हाय."

"मग हे सरकारना सांगा की."

सांगून झालं होतं. तरी परत कागद घेऊन गेले. त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि म्हणाले, "पोरीचा हात हलला असेल." पोत्यावर टेकवलेली रायफल, आणि हात हलला असेल. मी कागद घडी करून परत आणले.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी सरकारांची निळी खोकी माझ्या तिजोरीत आली. त्या वर्षी दोघंच जाणार होते. शालन, आणि मधुकर म्हणून एका बँकेतले कॅशियर. दोघांना दोन-दोन खोकी, त्यावर नावांच्या चिठ्ठ्या. शालन दुकानात आली तेव्हा मी तिजोरी उघडून तिची दोन खोकी काउंटरवर ठेवली.

"ही घिऊन जायची, आणि आतली काडतुसं आपली," मी म्हटलं.

तिला कळायला वेळ लागला. कळलं तशी मागं सरकली. "ही फसवणूक झाली, काकी."

"कुणाची? स्पर्धेत कुठलंबी काडतूस चालतं. नियमात हाय. देशी क्लबाचीच, फॉरेन पण क्लबाचीच. खोकी तेवढी अदलाबदल."

"सरकारनी बघितलं तर?"

"बुडावर अक्षरं असत्यात, कुठल्या कारखान्याचं ते. दहा वर्सांत त्यांनी एक काडतूस उलटं करून बघितल्याचं मी तरी बघितलं न्हाय. तुझी नोकरी पायजे का सरकारांची मर्जी?"

ती म्हणाली, "मी स्वतःहून खोटं बोलणार न्हाय. कुणी इचारलं तर खरं सांगणार."

"कोण इचारतंय," मी म्हटलं.

तो लॉट मी तोलून तोलून भरला. शंभर काडतुसं, एकासारखं एक. निळ्या खोक्यातली परदेशी काढून देशी खोक्यात भरली आणि क्लबाच्या सरावाच्या मालात ठेवून दिली. मधुकरची खोकी तिथंच शेजारी होती. त्याचा सरावही त्याच लॉटवर झालेला होता. रायफल त्याची स्वतःची. काडतुसं भरपूर होती, दोघांना पुरून उरली असती. तिजोरीचं दार उघडं ठेवून मी त्याच्या चिठ्ठीकडं बघितलं आणि दार लावलं.

कारण सांगते. दोनेक वर्षांपूर्वी रेंजवर मी काडतुसं तोलण्याबद्दल काही बोलत होते, तेव्हा हा मधुकर म्हणाला होता, "काकी, सुपात घालून पाखडून पण देता काय? खडं निघतील." सगळी रेंज हसली. सरकार डोळे पुसत हसले. मी मनात म्हटलं, हसा बाबांनो. आणि त्या दिवशी तिजोरीपुढं म्हटलं, ह्याला फॉरेनच बरं.

स्पर्धा झाली. शालन संघात आली, तीही ओढूनताणून नव्हे, चांगली वरच्या नंबरानं. मधुकर तीन गुणांनी राहिला. त्याच्या गोळ्या सगळ्या वर, डावीकडं. इकडं कोल्हापुरात त्याच आठवड्यात सरकार सराव करत होते. देशी खोक्यातून काढलेली परदेशी काडतुसं त्यांच्या रायफलीतून बशीएवढी पसरत होती आणि ते सगळ्यांना बोलावून दाखवत होते, "बघा, देशी मालाचं हे असं." मी तिथं उभी होते. आयुष्यात इतकं सुख मला क्वचित झालंय.

मग सत्कार. रेंजवरच एक मांडव घातला, पेढे आणले, शाळेच्या संस्थेचे दोन सभासदही आले. सरकार भाषणाला उभे राहिले ते हातात निळं खोकं घेऊन. शालनच्या खोक्यात पंधरा-वीस काडतुसं उरली होती, तेच.

"मी दहा वर्षं सांगत आलो," ते म्हणाले, "स्पर्धेला परदेशी काडतूसच पाहिजे. आज पुरावा समोर बसला आहे. पुढच्या वर्षीपासून आपण देशी माल पूर्ण बंद करू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पोट धरून हसता येत नव्हतं. पण सरकार थांबले नाहीत. मधुकर पुढच्या रांगेत बसला होता. त्याच्याकडं हात करून म्हणाले, "आणि हे आमचे कॅशियर. तीच काडतुसं, तोच दिवस, तीच रेंज. एका मुलीनं मारून दाखवलं. यांना बारा वर्षांत जमलं नाही. आता काडतुसाला दोष देता येत नाही, मधुकर. आता स्वतःकडं बघा आणि जागा रिकामी करा, तरुण पोरं थांबलेली आहेत."

मधुकर मान खाली घालून चहाच्या कपाकडं बघत होता. अडतीस-एकोणचाळीसचा माणूस. जूनमध्ये बँक त्याची नांदेडकडं बदली करणार होती, तिकडं रेंज नाही. त्याचं हे शेवटचं वर्ष आहे, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. तिजोरीचं दार लावतानाही होतं.

शालन उठली. मी खालून तिच्या पदराला हात घातला. तिनं तो सोडवला.

"सरकार, त्या खोक्यातलं एक काडतूस उलटं करून बघता?"

"म्हणजे?"

"बूड बघा. अक्षरं हायत."

सरकारांनी चष्मा मागवला. एक काडतूस काढलं, उजेडाला धरलं. दुसरं काढलं. मांडवात कुणी पेढा चावेना. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पण खोकं तर परदेशीच आहे."

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, हे मी खरं सांगते. शालन म्हणाली, "मी देशी मारलं. सराव केला त्येच. मधुकरभाऊंनी फॉरेन मारलं. आमचं दोघांचं सारखं नव्हतं. त्यास्नी बोलू नका."

संस्थेचे सभासद एकमेकांकडं बघायला लागले. शालनची नोकरी त्यांच्या दोन नजरांच्या मधे टांगलेली होती. सरकार माझ्याकडं वळले. "बाई, तिजोरी तुमची. कारखान्यातूनच खोक्यात चुकून भरलं गेलं असेल का?"

वाट त्यांनीच करून दिली होती. व्हय म्हटलं असतं तर क्लबही राहिला असता, दुकानही. शालन खोटी पडली असती.

"न्हाय," मी म्हटलं. "मी बदलली. पोरीला मीच भरीला घातलं. तिनं फक्त मारलं. आणि फॉरेन हायत ती तुमच्या देशी खोक्यात हायत. गेला आठवडाभर तुम्ही त्यास्नीच नावं ठेवताय."

क्लबाचा माल दुसऱ्या दिवशी माझ्या तिजोरीतून गेला, तो सांगलीच्या एका दुकानात. नंतर चार वर्षं क्लबानं माझ्याकडून बंदूक पुसायची चिंधीसुद्धा घेतली नाही. शालनचं नाव राज्याच्या यादीत गेलेलं होतं, ते सरकारांच्या हातात राहिलं नव्हतं. ती दिल्लीला देशाच्या स्पर्धेला गेली, उघडपणे देशी खोकं घेऊन गेली. संस्थेनं जूनला तिला कायम केलं. एक सभासद म्हणाला म्हणे, मांडवात उभी राहून असं बोलणारी बाई पोरींना मिळत असेल तर नेम नसला तरी चालेल. कधीकधी शहाणी माणसंही भेटतात. मी मोजून ठेवली आहेत, फार नाहीत. सरकारांनी देशी बंद केलं, परदेशी चालू ठेवलं, आणि आमच्या क्लबाचा त्यानंतर कोण संघात गेला असेल तर मला ठाऊक नाही.

हे इतकं मी आजवर अनेकांना सांगितलंय आणि लोक हसतात. पुढचं सांगत नाही, ते इथं लिहिते.

मे महिन्यात एका दुपारी मधुकर दुकानात आला. बँकेतून परस्पर, कपाळावर घाम. मी खुर्ची दिली, बसला नाही.

"काकी, एक इचारू? माझी खोकी पण तुमच्याच तिजोरीत हुती न्हवं?"

"हुती."

"आणि ती देशी काडतुसं शिल्लक हुती?"

"हुती."

"मग?"

एकवीस वर्षांत त्या काउंटरवरून मी पाटलांना, चेअरमनना, सरकारांना उत्तरं दिली. त्याला देताना मी आधी पुसलेलाच काउंटर परत पुसला. तरी दिलं, खरं ते. म्हटलं, "तुम्ही मला हसला हुता. सुपात पाखडून देता काय म्हणाला हुता. ते माझ्या मनात हुतं."

त्यानं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, मी बघत होते.

"कवा?" तो म्हणाला. "मला काय आठवंना झालंय. म्हणलो आसंन. सगळीच हसायची, काकी."

मी त्याला म्हटलं, रविवारी रायफल आणा, सगळे लॉट झाडून बघू, तिला काय मानवतं ते काढू. कागद करून देते, नांदेडला घेऊन जावा.

"आता कशाला," तो म्हणाला. रागानं नाही, बँकेत खिडकी बंद झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगतात तसं. मग कपाटाकडं बोट केलं. "त्येवढी तेलाची बाटली द्या. ठिवून द्यायची झाली तरी नळीला तेल लावून ठिवाय पायजे. न्हायतर गंजती."

मी बाटली काढली, बूच घट्ट आहे का बघितलं आणि कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली.